गंगामायचे सोमवार

गंगामाय, तुझं तेरावं झालं. पाहुणे आपापल्या गावाला गेले, तुझ्या पुतण्यानं, सोपाननं, मडकी भाजायचा आवा पुन्हा पेटवला, आणि मी हिंगोलीला शाळेत परत जायचं सोडून तुझ्या ओसरीवर बसून राहिलो आहे. सवयच तशी लागलेली. इथं बसलं की तुझी काहीतरी खोडी काढायची, मग तू मडकं थोपटता थोपटता हात थांबवून म्हणायचीस, "गप बस रं धोंड्या, लई शाना झालास," आणि आपलं भांडण सुरू व्हायचं. आज दोनदा तोंडाशी आलेलं तसंच गिळलं. ऐकायला कोणी नाही.

आपल्या भांडणाचा विषय जन्मभर एकच राहिला. माणसाच्या वाट्याला येतं ते मागच्या जन्मीच्या करणीचं फळ असतं, असं तू धरून बसायचीस आणि मी ते खोडून काढायचो. त्यात गंमत अशी की अख्ख्या गावाच्या हिशेबी मी स्वतः कर्माला चकवून जगलेला माणूस. म्हणजे माझं उदाहरण तुला पुराव्याला लागायचं आणि मलाही.

ती गोष्ट इतक्यांदा ऐकली आहे की आपल्या डोळ्यांनी पाहिल्यासारखी वाटते. माझ्या आधी मायची, मला जन्म देणाऱ्या आईची, लेकरं जगली नव्हती. जन्मायची, महिना-दोन महिने किरकिर करायची आणि जायची. ओढ्याकाठी बाभळीखाली त्यांना पुरलेलं. देवळात पोथी सांगायला एक महाराज येत, त्यांनी मायला सांगितलं होतं की मागच्या जन्मी तू गाईपासून वासरू तोडलंस, त्याचं हे फळ. आमचं घर कुणब्याचं, तुझं कुंभाराचं, मधे एक बोळ. तुला मूल नव्हतं. मी झालो तेव्हा पाचवीच्या आत तू सूपभर ज्वारी घेऊन आमच्या दारात आलीस. ज्वारी मायच्या पदरात ओतलीस, त्याच रिकाम्या सुपात मला घातलंस आणि घरी घेऊन गेलीस. झाला सौदा. ज्या घरी लेकरं जगत नाहीत तिथं आपल्याकडं असं करतातच. पाचव्या रात्री सटवाई कपाळावर लिहायला येते, तिला त्या घरात लेकरूच सापडू नये म्हणून. नावही धोंडू ठेवलं, दगडाकडं कोण बघतंय! ती रात्र मी तुझ्या घरी काढली. मला भूक लागली की माय बोळ ओलांडून यायची आणि पाजून जायची.

मी जगलो. राहायला आमच्या घरी, पण गावानं हाक मारायची ती "कुंभारणीचा धोंडू" म्हणून. तुझ्या अंगणातला चिखल तुडवून माझे पाय मजबूत झाले असं बा म्हणायचा. पोळ्याला तू मातीचे बैल करायचीस आणि आळीतल्या एकाही पोराला रिकाम्या हातानं परत पाठवायची नाहीस. एकदा मी विचारलं होतं की मागच्या जन्मी कोणाच्या पोराला दारातून हाकललं होतंस काय, ते आता फेडून राहिलीस? तू माझ्याकडं बघून हसलीस. म्हणालीस, "आरं, आवडतेत मला पोरं. त्याला काय मागचा जल्म लागतुया?" मी त्यावर बोट ठेवायला हवं होतं. त्या एका वाक्यात तू माझी बाजू घेतली होतीस, आणि आपल्या दोघांनाही ते कळलं नाही.

पुढं हिंगोलीला शिकायला गेलो. सरकारी कारभारासारखं तिथंही सगळं उर्दूत. आमचे मौलवीसाहेब मोठे प्रेमळ, तकदीर म्हणजे काय ते समजावून सांगायचे आणि पोरांनी उलटा प्रश्न केला तर रागवायचे नाहीत. मला वाटलं, गावात कर्म आणि इथं तकदीर, दोन्हीकडं माणूस आपला कपाळाला हात लावून बसलेला. सुट्टीत घरी आलो तो डोक्यात हे असलं सगळं भरून. पिशवी आमच्या ओसरीत टाकली आणि आधी तुझ्याकडं आलो.

"गंगामाय, करनीचं फळ चुकत न्हाई म्हंतीस ना?"

"न्हाई चुकत."

"मंग मला सुपात घालून काहून आनलंस? सटवाई चुकती आन् कर्म चुकत न्हाई, हे कसं?"

तू जराही गडबडली नाहीस. "लिहिनारीला किती घरं हिंडावं लागतेत बाबा. यखांदं घर चुकतंय तिचं."

"आन् तिच्या वरचा? त्याला काय सांगशील?"

"त्याला म्या गेल्यावर सांगीन. तुला कशाला चौकशी?"

आता तू गेली आहेस. सांगितलंस का त्याला? त्यानं काय उत्तर दिलं हे मला कोण कळवणार?

दुसरी माझी खोडी तुझ्या उपासांवरून. तू एरवी एकदाच जेवायचीस आणि सोमवारी तर दिवस मावळेपर्यंत पाण्याचा घोटही घ्यायची नाहीस. उन्हाळ्यात आव्याच्या धगीशी उभी, ओठ सुकलेले, आणि मी बाजूला बसून गूळ-शेंगा खात विचारायचो, "कंचं पाप फेडून राहिलीस?" तू म्हणायचीस, "हाय एक. जुनं." मी म्हणायचो, "तुझंच का?" आणि तू म्हणायचीस, "आता माझंच म्हनायचं." किती सोमवार मी हा खेळ केला असेल. तुझं उत्तर ठरलेलं आणि माझं हसणंही ठरलेलं.

माझ्या लग्नातली गोष्ट मात्र आठवली की अजून हसू येतं. विकलेलं लेकरू लग्नाच्या वेळी परत घ्यायचं असतं. माय सूपभर ज्वारी आणि लुगडं घेऊन मांडवातच तुझ्यापुढं उभी राहिली. लुगडं तू घेतलंस, अंगावर धरून बायकांना दाखवलंस, आणि ज्वारीचं सूप पुढं आल्यावर दोन्ही हात पाठीमागं लपवलेस. "उलटा सौदा मला मान्य न्हाई. राहू द्या, पुढं बघू." सगळा मांडव हसला. माय सूप घेऊन परत गेली. पुढं ते राहूनच गेलं, मी हिंगोलीला मास्तर झालो, बायको, सरू, माझ्याबरोबर आली, आणि कोणाच्या ध्यानातही राहिलं नाही.

आता जे लिहायचं आहे ते मी इतका वेळ टाळलं. आमची पहिली मुलगी तापानं गेली. बायका सरूला समजवायला आल्या आणि समजावता समजावता तेच बोलल्या, मागल्या जन्मीचं काहीतरी असंल बाई. सरूनं ते मनावर घेतलं. पुन्हा दिवस गेले तशी ती एकेक उपास धरू लागली. मी घरात तमाशा केला. म्हणालो, माझ्या घरात पोटुशी बाई उपाशी राहणार नाही, मग सगळे देव रागावले तरी चालतील. तू हिंगोलीला आलीस ती नेमकी त्याच आठवड्यात. गाडीतून उतरलीस, पाणी प्यालीस आणि म्हणालीस, "धोंड्या, हे लेकरू झालं की मला दे. म्या इकत घेते. माझा हात गुनाचा हाय."

माझा तोल गेला. माझी मुलगी मातीत जाऊन फार दिवस झाले नव्हते, आणि पुन्हा तेच सूप, तीच सटवाई. मी म्हणालो, "गंगामाय, तुझ्या सुपानं कुनी वाचलं न्हाई. म्या जगनार व्हतो म्हनून जगलो. तुझ्या ज्वारीचा त्याच्याशी कायी संबंध न्हाई." सरू चुलीपाशी होती, तिनं मान खाली घातली.

तुझा चेहरा मला अजून दिसतो. कर्मानं तुला काय दिलं होतं? वांझ म्हणून बोल दिला, नवरा लवकर नेला. त्या सगळ्या व्यवहारात तुझ्या हाती एकच गोष्ट लागली होती, धोंडू माझ्या सुपानं जगला, आणि ती मी एका वाक्यात काढून घेतली. मी कर्म खोटं ठरवत होतो, पण खोटी ठरलीस तू. तू सरूकडं बघून विचारलंस, "ही जेवती का पोटभर?"

मी तडकून म्हणालो, "जेवती. म्या उपास बंद केले तिचे."

"मंग बराबर हाय," तू म्हणालीस. "मंग सूप नको." आणि दुसऱ्या दिवशी गावाकडं परत गेलीस.

मला वाटलं, तू हरलीस. त्या वेळी जरा बरंही वाटलं, हे आता कोणापासून लपवू? त्यानंतर तू माझ्याशी भांडणं सोडलंस. मुलगा झाला, चांगला धडधाकट झाला, तू त्याला बघायला आलीस, त्याच्या गालाला बोट लावलंस, सुपाचा शब्द काढला नाहीस. गावी आलो की मी मुद्दाम कर्माचा विषय काढायचो आणि तू म्हणायचीस, "तू शिकलेला, तुला ठावं." मी वाद जिंकला होता आणि माझ्याशी वाद घालणारं माणूस गमावून बसलो होतो.

मग ते पळापळीचं साल आलं. नाक्यापलीकडं वऱ्हाड, अलीकडं आपण. रझाकारांच्या धास्तीनं जो तो बायकापोरं गाडीत घालून वाशिमकडं निघाला. आम्हीही गेलो, मायला आणि बालाही घेऊन. तुला किती विनवलं. तू म्हणालीस, "आवा कुठं उचलून न्यायचा?" आणि आमच्या घराला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचलीस. राज्य बदललं, आम्ही परत आलो, तेव्हा आमच्या देवापुढं दिवा होता, गोठ्यातली गाय जिवंत होती. तू मात्र अर्धी झाली होतीस.

थंडीत तुझा खोकला वाढल्याचा निरोप आला. मी आलो तो नेमका सोमवारी. मायनं पेज करून आणली होती, तू तोंड फिरवलंस. मी म्हणालो, "आजारपनात कसला आलाय उपास? कोनाला दाखवायचंय?" तू डोळे मिटूनच विचारलंस, "तू जेवलास का?" मी जेवलो होतो. "मंग झालं," म्हणालीस. मी रागारागानं वाटी खाटेखाली सरकवली. हिंगोलीहून येताना वाटेभर ठरवलं होतं, त्या दिवशी बोललो त्याबद्दल काहीतरी बोलायचं. तुझ्या सुपानंच वाचलो असं म्हणणं मला खोटं वाटत होतं आणि दुसरं काय म्हणावं ते सुचत नव्हतं. म्हणून काहीच बोललो नाही. खोकल्याचं औषध उशाशी ठेवलं आणि शाळा आहे म्हणून निघालो. त्याच आठवड्यात तू गेलीस.

निरोप आला तसा मी रातोरात पोचलो. सकाळी दारात माणसं जमली. तिरडी बांधून झाली आणि पुढं मडकं कोण धरणार हा प्रश्न आला. सोपान तुझ्या दिराचा मुलगा, भावकीतला जवळचा, त्याचा हक्क. त्यानं आव्यातलं एक चांगलं मडकं निवडून त्याला दोरी बांधलीही होती. कोणीतरी माझ्याकडं पाहिलं, तसा एक म्हातारा माणूस म्हणाला, "त्याला कसं धरता येईन? त्याचा बाप जिता हाय. आन् जात वायली." माझ्या तर्कानं बघितलं तर मडकं कोणीही धरलं तरी फरक काय पडणार होता? तुला गती मिळणार की नाही हे मडक्यावर ठरत नाही, असं मीच जन्मभर ओरडून सांगितलेलं. आणि तरी सोपाननं मडकं उचललं तेव्हा माझा हात आपसूक पुढं झाला.

तेवढ्यात माय बोळातून आली. तिच्या हातात सूप होतं. आमच्यात बाया असल्या ठिकाणी पुढं येऊन बोलत नाहीत, पण ती सरळ माणसांत घुसली.

"थांबा," ती म्हणाली. "हे लेकरू मी इकलंय. सगळ्या गावाला ठावं हाय. परत घेतलेलं न्हाई, हिनंच घेऊ देलं न्हाई."

"आवो पर ती रीत असती," म्हातारा म्हणाला. "खरंच का इकलंय?"

"खरंच इकलंय," माय म्हणाली आणि मग ती जे बोलली ते मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. "म्हाराजानं मला उपास सांगितले व्हते. पोटात लेकरू असल्यापासून ते उभं राहीपर्यंत एक येळ अळनी जेवायचं आन् सोमवारी पानी बी न्हाई. माझं पाप फिटावं म्हनून. मी करत गेले आन् लेकरं मरत गेली. म्हाराज म्हनले, पाप मोठं हाय, आनखी कर. ह्याच्या येळेला ही आली. म्हनली, लेकरू माझं झालं का? मी म्हनलं, झालं. म्हनली, मंग त्याच्यावरचं पाप बी माझं झालं. उपास आता माझे. तू जेव. आन् माझ्याम्होरं बसून ज्वारीच्या कन्या खाऊ घातल्या तिनं मला. सूप यकदाच आनलं व्हय हिनं? माझ्या अंगावरचं दूध आटंस्तोवर आनत व्हती."

मायचा आवाज चिरका झाला होता. "पोरगं उभं राहिलं, चालाय लागलं. मी म्हनलं, गंगे, सोड आता. म्हनली, सोडले आन् कायी झालं तर? ते सोमवार माझे व्हते. हिनं घेतले ते मरंस्तोवर केले. आता म्हना, कोनाचं पोरगं हाय ते."

सोपान माझ्यापाशी आला आणि मडक्याची दोरी माझ्या हातात दिली. मी बाच्या तोंडाकडं पाहिलं. बाप जिवंत असताना मिशी उतरवायची म्हणजे काय, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. त्यानं न्हाव्याला हाक मारली. म्हणाला, "बस धोंडू. बराबर हाय."

चितेजवळ भटजींनी विचारलं, बाईचे कोण? मी म्हणालो, "मुलगा." सगळ्यांनी ऐकलं, गंगामाय. फक्त तू ऐकलं नाहीस.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात घोळते आहे. तुला काय माहीत होतं? उपाशी बाईला दूध येत नाही, म्हणून लेकरं मरतात, हे तुला कळलं होतं आणि महाराजांशी कोण वाद घालणार म्हणून तू त्यांच्याच शब्दांनी मायला जेवू घातलंस? की तुझा खरोखरच विश्वास होता की ते पाप आता तुझ्या अंगावर आलंय, आणि तरीही तू ते हात पुढं करून घेतलंस? पहिलं खरं असेल तर पुढचे सगळे सोमवार तू कशासाठी काढलेस? दुसरं खरं असेल तर दुसऱ्याचं कर्म असं उचलून घेता येतं हे तुला कोणत्या पोथीनं सांगितलं? त्या दिवशी हिंगोलीला तू सरू जेवते का एवढंच विचारलंस. मी तिचे उपास मोडले होते, म्हणजे तू मायच्या बाबतीत केलंस तेच मी माझ्या घरात केलं होतं. म्हणून तर म्हणाली नसशील, मंग सूप नको? मला तो माझा विजय वाटला होता. आपण दोघं एकाच बाजूला होतो की काय? हे विचारायचं होतं. तुझ्याइतकं दुसऱ्या कोणाशी मी कधी बोललो नाही, आणि नेमकं हेच बोलायचं राहिलं.

कर्म आहे हे मला अजूनही पटत नाही, आणि तू माझ्यावर रुसलीस तरी इलाज नाही. पण तुझ्या सुपानं मी वाचलो नाही असं जे म्हणालो होतो, ते माझं साफ चुकलं. कण्या खाऊन आलेल्या दुधावर जगलेला माणूस आणखी काय म्हणणार?

आज सोमवार. सकाळी मी ठरवलं होतं की आजपासून हा उपास मी धरायचा. विश्वास नसला तरी धरायचा, तुझं काहीतरी माझ्याकडं राहावं म्हणून. दुपारी माय बोळातून ताट घेऊन इथं ओसरीवर आली. ज्वारीच्या कण्या आणि ताक. मी म्हणालो, "माय, आज सोमवार हाय."

"ठावं हाय," ती म्हणाली. "तिनं उपास केले ते आपन खावं म्हनून. जेव."

ती माझ्यासमोर बसून राहिली, जशी तू कधी तिच्यासमोर बसली असशील. कण्यांवर ताक ओतून कालवलं. मी सगळं ताट संपवलं, गंगामाय.